कवडीचे गुडघे आणि थोरल्या जाऊबाई

आमच्या वाचनालयातल्या बायकांनी यंदा ठरवलं, की घरातल्या एखाद्या आजारपणाबद्दल प्रत्येकीनं चार पानं लिहायची, म्हणजे दुसरीला उपयोग होईल. कुणी मुलाच्या टायफॉइडवर लिहिलं, कुणी सासऱ्यांच्या दम्यावर. मी म्हटलं, मी आमच्या कुत्रीच्या सांध्यांवर लिहिते. तर एकजात सगळ्या हसल्या. हसा बाई! ज्यांच्या ओट्यावर म्हातारं कुत्रं आहे त्या तरी वाचतील. आणि ज्यांच्या घरात जाऊ आहे त्या तर नक्की वाचतील.

माझं माहेर पादऱ्याचं. लग्न होऊन बडोद्याला निघाले तेव्हा पाठराखीण म्हणून आत्या यायची होती. नव्या नवरीला सासरी परकं वाटू नये म्हणून माहेरचं एक माणूस चार दिवस सोबत जातं, ही आमच्यातली रीत. पण ऐन वेळी आत्याला ताप भरला आणि मी एकटीच गाडीत बसले. डोळ्यांना पदर लावून बसले होते, तर मागून आमच्या परसातली कुत्री धावत आली. वर्षाची असेल नसेल. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. गाडीवानानं चाबूक उगारला, ढेकळं मारली, ती काही हटेना. थेट रावपुऱ्यात आमच्या दारापर्यंत गाडीमागं आली. सासूबाई तुकडा ओवाळायला उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आणि ही गं कोण? सुनेची पाठराखीण वाटतं!"

बाकीच्यांच्या पाठराखिणी चार दिवसांनी परत जातात. माझी राहिली ती राहिलीच.

पुढे सासूबाई गेल्या आणि चुली वेगळ्या झाल्या. खाली थोरले भावोजी आणि जाऊबाई, वर आम्ही दोघं. जाऊबाईंना आम्ही आक्कासाहेब म्हणतो. किल्ल्या त्यांच्याकडे, मोठी भांडी त्यांच्याकडे, सणावाराचा शब्द त्यांचा. रंग गोरा, हाताला चव, आणि कधी आवाज चढवायच्या नाहीत, तोही एक ताप. "थोरलीसारखं कर" हे वाक्य मी या घरात इतक्यांदा ऐकलंय, की उद्या पोर झालं तर त्याला पहिलं तेच बोलता येईल असं मी ह्यांना म्हणत असे. एकंदरीत त्या घरात माझं म्हणावं असं एकच होतं. कवडी. ती रात्री जिना चढून वर यायची आणि माझ्या खाटेखाली निजायची. आक्कासाहेबांनी कितीही चुचकारलं तरी.

फितुरी

दहाएक वर्षं अशी गेली. मग एका थंडीत कवडी वर यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, असेल कुठं. दुसऱ्या दिवशी खाली डोकावले, तर बाईसाहेब आक्कासाहेबांच्या चुलखोलीबाहेर, भिंतीला पाठ लावून पसरलेल्या! त्या भिंतीच्या पलीकडे त्यांची चूल. मी जिन्यावरून हाक मारली, "कवडे, ये!" तिनं मान उचलली, शेपटी दोनदा आपटली आणि पुन्हा मान टाकली.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच! पादऱ्यापासून माझ्यामागं धावत आलेलं जनावर, आणि आक्कासाहेबांनी दुधाच्या वाटीवर फितवलं. मी ह्यांना तसं सांगितलंसुद्धा. हे कोठीच्या कचेरीतून दमून आले होते. म्हणाले, "अगं, कुत्रं आहे ते. खालची भिंत गरम असेल."

"भिंत गरम, का माणूस गोड?" मी विचारलं. ह्यांनी पगडी खुंटीला लावली आणि पानाचा डबा ओढला.

आता मागं वळून बघते तर सगळं समोरच दिसत होतं, आणि तेच तुम्हाला सांगायचंय. सकाळी उठताना ती आधी पुढचे पाय ताणायची, मग मागचं धड कसंबसं ओढून उभी राहायची, पाचपन्नास पावलं ताठ चालायची, मग जरा मोकळी व्हायची. मला वाटायचं, मला बघून मुद्दाम तोंड फिरवून चालते. डाव्या मागच्या गुडघ्याला सारखी चाटत बसायची. मला वाटायचं, आक्कासाहेबांनी तूप लावलं असेल. समोरच्या घरातलं पोर तिच्या कमरेवर हात टाकायला गेलं, तर जन्मात कधी न गुरगुरलेली कवडी गुरगुरली. मी म्हटलं, बघा, खालच्यांच्या संगतीनं स्वभावही बिघडला. नखं वाढून फरशीवर टकटक वाजायला लागली, कारण ती पूर्वीसारखी फिरतच नव्हती. ते टकटक मी ऐकायची आणि मनात म्हणायची, चालली बघ तिच्याकडे.

समोरच्या गुजराती काकींनी ओट्यावरून एकदा सांगितलंही, "बेन, तमारी कूतरी लंगडाय छे." मी म्हटलं, "लंगडाती नथी, काकी. नखरा करे छे." द्वेषानं माणूस आंधळं होतं म्हणतात. मी तर चांगली डोळस असून आंधळी झाले होते.

मग मी काय करावं? मीही खाऊ घालायला लागले. आक्कासाहेब दूध-भाकरी देतात का, मग मी वरणभात देईन, वर साजूक तूप. खाली जाऊन, त्यांची पाठ वळली की. कवडी दोन्ही चट्टामट्टा करायची. बघता बघता पोट जमिनीला टेकायला आलं, आणि मी ह्यांना अभिमानानं म्हणाले, "बघा, माझ्या हातचं कसं अंगी लागतंय."

जिना

संक्रांतीला आक्कासाहेबांकडे हळदीकुंकू होतं. खालचा सोपा बायकांनी भरलेला. कुणीतरी कवडीकडे बघून म्हणालं, "आक्कासाहेब, तुमची कुत्री काय गुणाची हो!"

तुमची! आणि आक्कासाहेब तिळगूळ वाटत होत्या, त्यांनी दुरुस्त केलं नाही. ऐकलंच नसेल कदाचित. पण माझ्या मस्तकात गेलं. मी जिना चढून वर गेले, वरच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "कवडे! ये गं माझी पाठराखीण!"

सगळ्या बघायला लागल्या. कवडी उठली. जिन्याशी आली. माझ्याकडे बघितलं. आणि चढायला लागली. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू!

जिन्याच्या मध्यावर ती थांबली. मागचे पाय थरथरायला लागले. वर येता येईना, खाली वळता येईना. तिथंच बसली आणि तिच्याखालून पाण्याचा ओघळ पायऱ्यांवरून खाली गेला. पादऱ्याहून बडोद्याला धावत आलेली माझी कवडी जिन्यात लघवी करून, कान पाडून, माझ्याकडे बघत होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी वरून धावले, आक्कासाहेब खालून. हळदीकुंकवाची नवी पैठणी त्या ओल्यात बुडाली तरी त्यांनी बघितलं नाही. त्यांनी मागचं धड धरलं, मी पुढचं. खाली आणून ठेवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अगं धाकटे, हिला जिना चढवत नाही. म्हणून ही खाली निजते. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. आणि त्यांना ठाऊक होतं, याचाच मला आधी राग आला.

निदान

भावोजी रिसाल्यात. त्यांच्या घोडीचा खूर बघायला सरकारी साळोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, दुसऱ्याच दिवशी येणार होते. मोठं प्रस्थ. मिशांना पीळ, आणि घोडा सोडून दुसऱ्या जनावराकडे बघणं म्हणजे त्यांना कमीपणा. पण भावोजींच्या शब्दाखातर बघितलं. कवडीला अंगणात चालवलं. एकेक पाय हळूच दुमडला. डाव्या गुडघ्यावर आले तेव्हा तिनं त्यांचं मनगट तोंडात धरलं, दात न लावता, नुसतं धरलं.

"वात आहे," ते म्हणाले. "सांधे झिजलेत. वय झालं. हा बरा व्हायचा आजार नव्हे, सांभाळायचा आजार आहे."

बरा व्हायचा नाही, हे शब्द माणसाबद्दल असोत की जनावराबद्दल, ऐकताना सारखेच लागतात.

"खायला काय देता?"

मी दाराआडून म्हणाले, "दुपारी वरणभात. थोडं तूप." त्याच वेळी दाराच्या दुसऱ्या बाजूनं आक्कासाहेब म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी." आणि आम्ही एकमेकींकडे बघितलं.

साळोत्री खो खो हसले. "दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही तर दोन्हीकडे जेवून बसली! अहो, झिजलेल्या सांध्यांवर तुम्ही दोघींनी मिळून पोतं लादलंय. निम्मं खाणं बंद करा. आणि खायला घालणारा हात एकच ठेवा."

भावोजी इतका वेळ घोडीला थोपटत उभे होते. ते म्हणाले, "कशाला हाल करायचे मुक्या जनावराचे? पायानं गेलेलं घोडं आम्ही ठेवत नाही. एक गोळी, आणि सुटका." ते दुष्टपणे बोलले नाहीत. रिसाल्यात दयेचा तोच एक मार्ग त्यांना माहीत होता. पण मी दाराची कडी घट्ट धरली. दिरांसमोर मी कधी चार शब्द बोलले नव्हते.

आक्कासाहेब बोलल्या. परका पुरुष अंगणात असताना ज्या कधी दाराबाहेर आल्या नव्हत्या, त्या पदर सावरून उंबऱ्यावर आल्या. "ती घोडं नाही. धाकटीची पाठराखीण आहे. सुनेच्या माहेरच्या माणसाला या घरात अजून कुणी गोळी घातलेली नाही."

भावोजींनी घोडीचा लगाम हातात घेतला. साळोत्री घोडीचा खूर पुन्हा बघायला लागले.

आणि मी? कुणालाही वाटेल की माझे डोळे भरून आले असतील. आले, पण नंतर. आधी वाटलं ते हे, की माझ्या कुत्रीसाठी जे मी बोलायला हवं होतं तेही मेलं आक्कासाहेबांनीच बोलावं!

दोघी आणि एक वाटी

जिना बंद म्हणजे कवडी कायमची खाली. म्हणजे त्यांच्याकडे. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत. खाटेखाली हात घालून बघितला, तिथं नुसती तिची जुनी गोधडी.

सकाळी मी खाली गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं, "आक्कासाहेब, खाऊ मी घालणार."

"घाल," त्या म्हणाल्या. "मी सांध्यांना तेल लावेन."

मला वाटलं, जिंकले. पण कसलं काय! माझ्या वाट्याला आलं उपाशी ठेवणं. एक भाकरी ताकात कुस्करून, थोडा भोपळा, बस. कवडी वाटी चाटून माझ्याकडे अशी बघायची की मी तिची सात जन्मांची वैरीण. आणि त्यांच्या वाट्याला आलं लाड करणं. लहरीपुऱ्याच्या बाजारातून तिळाचं तेल आणवून त्या कोमट करायच्या, निर्गुडीचा पाला गरम करून फडक्यात बांधायच्या, कमरेपासून गुडघ्यापर्यंत हळूहळू शेकायच्या. मग कवडी डोळे मिटून असा सुस्कारा टाकायची की मला वरच्या मजल्यावर ऐकू यायचा. जळून कोळसा व्हायची मी.

एकदा मीही तेलाला हात घातला. कवडीनं पाय आखडून घेतला. आक्कासाहेब म्हणाल्या, "तुझे हात गार आहेत गं. आधी चुलीवर धर. आणि दुखऱ्या सांध्यावर दाबायचं नाही, त्याच्या आजूबाजूच्या मांसावर फिरवायचं." मी हात शेकले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली होती. इतकी वर्षं एका घरात राहून मी ती कधी बघितली नव्हती.

"तुम्हालाही दुखतं?"

"थंडीत दुखतं. हिला चोळते तेव्हा माझीही बोटं मोकळी होतात." आणि मग हसून म्हणाल्या, "तुला काय वाटलं, मी फुकट करते?"

बाकीचंही हळूहळू जमत गेलं. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय फाकायचे, म्हणून चुलखोलीपासून ओट्यापर्यंत गोणपाट अंथरलं. घर गुदामासारखं दिसतं म्हणून ह्यांनी कुरकुर केली, मी म्हटलं, गुदाम तर गुदाम. पाण्याचं भांडं पाटावर ठेवलं, म्हणजे मान वाकवायला नको. नखं कापली. सकाळ-संध्याकाळ थोडंच फिरवायचं, पण रोज. आराम द्यायचा म्हणून सुरुवातीला आम्ही नुसतं निजवून ठेवलं, तर ती जास्तच आखडली. एखाद्या दिवशी बरं वाटलं की ही पोरीसारखी मांजरामागं धावायची आणि दुसऱ्या दिवशी उठायची नाही. तेव्हा चांगल्या दिवशीच जास्त आवरायचं, हे ध्यानात ठेवा. आणि हो, पाऊस लागला की दुखणं उलटतंच, घाबरून जाऊ नका. आम्ही घाबरलो होतो.

उन्हाळ्यापर्यंत तिची कंबर दिसायला लागली. एक दिवस ओट्याच्या दोन पायऱ्या ती आपली आपण चढली. आक्कासाहेबांनी माझा दंड असा पकडला की वळ उठला.

ह्यांना चेष्टेला विषयच झाला. "जावाजावांचं मेतकूट जमलंय, आणि मधे कुत्रं!" मी म्हटलं, "मेतकूट कसलं? मी लक्ष ठेवायला बसते. नाहीतर ही बाई चोरून दूध पाजेल." ते खोटंही नव्हतं. पाजायच्याच त्या. मीही तुपाचं बोट चाटवायची. दोघींनी एकमेकींना पकडलंय.

तांगा

दसरा झाला आणि भावोजींची बदली ओखामंडळात झाली. पार समुद्राच्या काठावर. आक्कासाहेबांचं तिकडे कोण आहे? कुणी नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. ज्या किल्ल्यांसाठी मी इतकी वर्षं आतल्या आत धुमसले, त्या हातात आल्या तर नुसत्या जड लागल्या.

"कवडीला न्यायचं का?" मी विचारलं. विचारताना जीव मुठीत धरला होता.

"वेडी का गं तू? आगगाडीचे धक्के तिला सोसतील का? आणि ती तुझी आहे."

निघायच्या दिवशी भावोजी सामान घेऊन आधी स्टेशनवर गेले. आक्कासाहेब मागून तांग्यात बसल्या. मी उंबऱ्यावर उभी. आमच्यातल्या बायका दिवसाउजेडी भर रस्त्यात पायी जात नाहीत, म्हणून मी दारातच उभी. मनात आलं, गेली ब्याद. आता कवडी माझी एकटीची. तांगा हलला.

आणि कवडी उठली.

ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि तांग्यामागं निघाली. डावा पाय ओढत, कंबर हलवत, पण निघाली. पळायचा प्रयत्न करत होती. पादऱ्याहून माझ्या गाडीमागं आली होती तशीच. मी ओरडले, "कवडे, मागं फिर!" तिनं ऐकलंच नाही.

माझ्या छातीत जी आग उठली ती मी आयुष्यात विसरणार नाही. हेव्याचीच आग, मला ती चांगली ओळखीची. पण या खेपेला ती आक्कासाहेबांची नव्हती. मला हेवा वाटला कवडीचा. तिला जावंसं वाटलं, ती गेली. दुखऱ्या पायानं गेली, भर रस्त्यात गेली, कुणाला विचारलं नाही. आणि मी माझे धड पाय घेऊन दारात खांबासारखी उभी!

मग मीही उतरले. डोक्यावरून पदर घेतला आणि रावपुऱ्याच्या रस्त्यानं चालायला लागले. समोरच्या काकी ओट्यावर उठून उभ्या राहिल्या. दुकानदार बघत होते. बघू देत. कोठीच्या वळणाशी कवडी बसकण मारून बसली होती, धापा टाकत, तांगा गेला त्या दिशेला तोंड करून. मी तिला उचलली. वर्षापूर्वी उचलवली नसती, तेव्हा एवढी जड होती. आम्ही दोघींनी उपाशी ठेवून तिला उचलण्याजोगी केली होती.

तांगा पुढं थांबलेला होता. आक्कासाहेब खाली उतरून उभ्या होत्या, रस्त्यात, त्याही.

"अगं धाकटे, तू पायी आलीस?"

"हिला आणायला आले," मी म्हणाले. आणि मग रडायला लागले. "तुम्हाला पाठराखीण नको का? इतक्या लांब एकट्या चाललात."

त्यांनी आम्हा दोघींना तांग्यात घेतलं. स्टेशनपर्यंत कवडी आमच्या दोघींच्या मांडीवर आडवी होती, पुढचं धड माझ्याकडे, मागचं त्यांच्याकडे. त्या तिचा गुडघा चोळत होत्या. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "हात शेकल्याशिवाय लावू नकोस. आणि तूप चाटवू नकोस, मला सगळं कळतं."

घरी आले तेव्हा खालची चूल विझलेली आणि ती भिंत गार. कवडी तिथंच जाऊन पाठ टेकून बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी वरची भांडी खाली आणली आणि तिथंच चूल पेटवली. तेव्हापासून आमचा स्वयंपाक खालीच होतो.

कवडी अजून आहे. थंडीत जड जातं, उन्हात बरी असते. आता ती माझ्याच चुलीच्या भिंतीला टेकून निजते, माझ्याच हातचं खाते, माझ्याच हातून तेल लावून घेते. पण निजते ती दाराकडे तोंड करून. जीव जळतो माझा ते बघून. एकदा मी तिचं तोंड आत वळवून पाहिलं, तर ती पुन्हा कष्टानं उठली आणि फिरून बसली.

मग मी म्हटलं, राहू दे. पोळपाट उचलला आणि मीही दाराकडे तोंड करून पोळ्या लाटायला बसले.